खरे बोलणारा चोर
(चित्रपट-परिचय)

प्रस्तावना

आपण वर्षभरात कितीतरी चित्रपट पाहतो आणि त्यांतले बहुतेक विसरूनही जातो. काही थोडे चित्रपट मात्र वर्षानुवर्षे लोकांच्या बोलण्यात राहतात. त्यांत भव्य देखावे असतातच असे नाही. गावाकडची माणसे, त्यांची बोली, त्यांची सुखदुःखे त्यांत खरेपणाने आलेली असतात आणि म्हणूनच ते टिकतात. 'सांगत्ये ऐका' (१९५९), 'पिंजरा' (१९७२), 'सामना' (१९७५), 'जैत रे जैत' (१९७७) ही मराठी चित्रपटांची नावे जुनीजाणती माणसे आजही आवर्जून घेतात. 'सांगत्ये ऐका' हा चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला होता.

या पाठात आपण महाराष्ट्राच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडात जाणार आहोत. भिलाई, दुर्ग, राजनांदगाव, रायपूर या भागांत अनेक मराठी कुटुंबे राहतात. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर ही एकाच राज्यातील गावे होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. तेव्हा हा मुलुख आपल्याला परका नाही. तेथील खेड्यांतून उभ्या राहिलेल्या एका जुन्या चित्रपटाची, तो घडवणाऱ्या कलावंतांची आणि त्यातील एका विलक्षण चोराची ओळख आपण करून घेऊ.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :

• छत्तीसगडातील ग्रामीण चित्रपटांची सुरुवात कशी झाली ते सांगू शकाल;
• 'चरणदास चोर' या कथेचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहू शकाल;
• बोलीभाषा आणि अभिनय यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• दिलेल्या शब्दाचे मोल या विषयावर आपले मत मांडू शकाल;
• पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. पोलादनगरी आणि भोवतालची गावे

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूर सोडून पूर्वेकडे निघाले, की राजनांदगाव आणि दुर्ग यांच्यानंतर भिलाई लागते. स्वातंत्र्यानंतर देशाला पोलादाची निकड होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचे ठरले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर नवे नगर वसले. विदर्भातून, आंध्रातून, बंगालमधून, केरळमधून माणसे नोकरीसाठी आली. एकाच वसाहतीत दहा भाषा बोलल्या जाऊ लागल्या.

परंतु नगराची हद्द ओलांडली, की भाताची खाचरे सुरू होत. गावात छत्तीसगडी बोलली जाई. पेरणी, कापणी आणि सण यांच्या चक्रावर तेथील जीवन चाले. सुगी आटोपली, की रात्ररात्र 'नाचा' रंगे. नाचा म्हणजे छत्तीसगडचे लोकनाट्य. आपल्या तमाशाशी किंवा पूर्व विदर्भातील खडी गंमत आणि दंडार यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. त्यात गाणे असते, नृत्य असते, आणि गावातील सावकार, पाटील, भोंदू बुवा यांची खिल्ली उडवणारी सोंगे असतात. स्त्रियांच्या भूमिका परंपरेने पुरुषच करीत. लिहिलेली संहिता नसे. हजरजबाबीपणा हीच नटाची खरी शिदोरी असे.

एकीकडे पोलादाची भट्टी आणि दुसरीकडे नाचाची मशाल, अशा या दोन जगांच्या सीमेवर आपली कथा घडते.

२. पहिला निरोप

छत्तीसगडी भाषेतील पहिला चित्रपट 'कहि देबे संदेस' हा होय. तो १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. 'निरोप सांगशील' असा या नावाचा अर्थ. रायपूर जिल्ह्यातील एका खेड्यातून मुंबईत येऊन चित्रपटव्यवसायात धडपडणारे मनु नायक हे त्याचे निर्माते आणि दिग्दर्शक. १९६३ मध्ये पहिल्या भोजपुरी चित्रपटाला मोठे यश मिळाले होते. आपल्या बोलीतही असा चित्रपट का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. त्या काळी छत्तीसगडीला बोलपटाची भाषा मानण्यास फारसे कोणी तयार नव्हते.

चित्रीकरण पलारी या गावी झाले. डॉ. हनुमंत नायडू यांनी गीते लिहिली, तर मलय चक्रवर्ती यांनी संगीत दिले. महंमद रफी यांच्यासारख्या त्या वेळच्या आघाडीच्या गायकाने या चित्रपटासाठी छत्तीसगडी गाणी गायिली. ती आजही त्या भागात आवडीने ऐकली जातात.

या चित्रपटाचा विषय धाडसी होता. उच्च मानल्या गेलेल्या जातीतील तरुणी आणि अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या समाजातील तरुण यांच्या प्रेमाची ही कथा आहे. आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती आणि १९५५ मध्ये तसा कायदाही झाला होता. पण कागदावरचा कायदा गावाच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. चित्रपटाला विरोध झाला. विरोध करणाऱ्यांना जे नको होते, तेच नेमके चित्रपटाला सांगायचे होते. पुढे त्याला करमाफीही मिळाली.

या वाटेवर पुढचे पाऊल 'घर द्वार' (१९७१) या चित्रपटाने टाकले. त्यानंतर मात्र छत्तीसगडी चित्रपट जवळजवळ थांबला. २००० मध्ये, छत्तीसगड राज्य स्थापन होण्याच्या तोंडावर, सतीश जैन यांचा 'मोर छंइहा भुंइया' हा चित्रपट आला आणि त्याला प्रेक्षकांनी अमाप गर्दी केली. 'माझी सावली, माझी भूमी' हे त्याचे नावच लोकांच्या मनातले बोलत होते.

पाठगत प्रश्न – १

रिकाम्या जागा भरा.

(अ) छत्तीसगडच्या लोकनाट्याला ........ असे म्हणतात.
(आ) 'कहि देबे संदेस' या चित्रपटाचे दिग्दर्शक ........ हे होत.
(इ) भिलाईतील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ........ या वर्षी झाले.

३. नटांची जीभ मोकळी झाली

रायपूर येथे १९२३ मध्ये जन्मलेले हबीब तन्वीर हे थोर नाटककार व दिग्दर्शक. १९५५ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. परत आल्यावर मात्र त्यांना आपल्या गावाकडचा नाचा आठवला. परदेशातील रंगभूमीची नक्कल करण्यात अर्थ नाही, आपल्या मातीतील कलावंतांबरोबरच काम केले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले. १९५८ मध्ये 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचा हिंदी प्रयोग त्यांनी बसवला, तेव्हा छत्तीसगडातील काही नाचा कलावंत त्यांनी दिल्लीला नेले. १९५९ मध्ये पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह त्यांनी 'नया थिएटर' ही नाट्यसंस्था स्थापन केली.

सुरुवात सोपी नव्हती. ठाकूरराम, लालूराम, मदनलाल, फिदाबाई, मालाबाई असे एकाहून एक सरस कलावंत त्यांना पुढे लाभले. गावात हे नट हजारो लोकांना पहाटेपर्यंत खिळवून ठेवत. पण दिग्दर्शकाने सांगितल्याप्रमाणे प्रमाण हिंदीत संवाद म्हणायचे आणि आखून दिलेल्या जागीच उभे राहायचे, असे ठरले की तीच माणसे अवघडून जात. त्यांपैकी अनेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. संवाद आठवू की उजवीकडे वळायचे की डावीकडे ते आठवू, अशी त्यांची तारांबळ उडे.

अशी काही वर्षे गेली. मग तन्वीर यांच्या ध्यानात आले, की चूक नटांची नाही, आपली आहे. ज्या भाषेत हे कलावंत हसतात, रडतात, भांडतात, ती भाषाच आपण त्यांच्याकडून काढून घेतली आहे. १९७३ च्या सुमारास त्यांनी आपली पद्धत बदलली. नटांनी छत्तीसगडीतच बोलावे, प्रसंग समजावून घेऊन संवाद स्वतः रचावेत, रंगमंचावर मोकळेपणाने वावरावे, असे ठरले. आणि काय आश्चर्य! कालपर्यंत अडखळणारी तीच माणसे रंगमंचावर चमकू लागली.

येथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. शाळेत जाता आले नाही म्हणून एखाद्याला काही येत नाही असे आपण किती सहज म्हणून टाकतो! त्या नटांजवळ कला होती, बुद्धी होती, स्मरणशक्ती होती. कमी होती ती फक्त त्यांना त्यांच्या भाषेत विचारणाऱ्याची. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई यांचे उदाहरणही असेच आहे. शालेय शिक्षण नसतानाही त्यांनी पंडवानी या गायनप्रकारातून महाभारताची कथा देशविदेशांत पोहोचवली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला.

४. भिलाईच्या मैदानावर

१९७४ च्या सुमारास हबीब तन्वीर यांनी भिलाईत नाचा कलावंतांची एक कार्यशाळा घेतली. राजस्थानी लेखक विजयदान देथा यांच्याकडून ऐकलेली एक लोककथा तन्वीर यांच्या मनात बरेच दिवस घोळत होती. एका चोराने कधीही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा केली आणि ती प्राणपणाने पाळली, अशी ती कथा. कार्यशाळेत तिच्यावर प्रयोग करून पाहिले. पण नाटक काही पुरते आकाराला आले नाही.

कार्यशाळेच्या अखेरीस भिलाईतील मोकळ्या मैदानावर सतनामी समाजाचा मेळावा होता. 'सत्य हाच ईश्वर' अशी गुरू घासीदास यांनी दिलेली शिकवण हा समाज मानतो आणि पंथी नावाच्या नृत्यातून ती गातो. अशा श्रोत्यांपुढे खऱ्यासाठी जीव देणाऱ्या माणसाची कथा ठेवावी, असे तन्वीर यांना वाटले. अर्धेमुर्धे बसवलेले ते नाटक 'चोर चोर' या नावाने त्यांनी तेथेच सादर केले. नटांनी ऐनवेळी संवाद रचले, गाणी म्हटली आणि समोरच्या हजारो प्रेक्षकांनी ते उचलून धरले. त्यातूनच पुढे 'चरणदास चोर' हे नाटक सिद्ध झाले. १९८२ मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील नाट्यमहोत्सवात या नाटकाने पुरस्कार मिळवला. भिलाईच्या मैदानावर जन्मलेली कथा सातासमुद्रापलीकडे गेली, तीही छत्तीसगडी बोलीत.

५. चरणदासची कथा

आता ही कथा पाहू.

चरणदास हा सराईत चोर आहे. पण मनाने मऊ आहे. दागिने लुटले जाताना एखादी बाई रडू लागली, तर तिचे दागिने तिला परत करून तो निघून जातो. एकदा शिपाई पाठीस लागलेला असताना तो एका गुरूच्या आश्रयाला येतो. गुरूंपाशी नाना प्रकारची माणसे जमलेली असतात. प्रत्येकाने आपले एक व्यसन किंवा दुर्गुण सोडावा, अशी गुरूंची अट असते. चरणदास म्हणतो, चोरी सोडणे शक्य नाही. तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे. त्याऐवजी तो थट्टेने चार प्रतिज्ञा करतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही. माझ्या सन्मानार्थ निघालेल्या मिरवणुकीत हत्तीवर बसणार नाही. राणीशी लग्न करणार नाही. एखाद्या देशाच्या लोकांनी राजा हो म्हटले, तरी होणार नाही.

चोराच्या वाट्याला यांतले काय येणार! ऐकणारे सगळे हसतात. गुरू मात्र पाचवी प्रतिज्ञा मागतात : कधीही खोटे बोलू नकोस. चोराने खोटे बोलायचे नाही, तर जगायचे कसे? पण चरणदास शब्द देऊन बसतो.

पुढे गावात दुष्काळ पडतो. मालगुजाराच्या कोठारात धान्य भरलेले असते आणि गरिबांच्या चुली विझलेल्या असतात. गावकरी पदर पसरतात, पण मालगुजाराला दया येत नाही. राऊत नाचा करणाऱ्यांच्या गलबल्यात चरणदास ते धान्य लुटतो आणि उपाशी लोकांना वाटून टाकतो. येथे प्रेक्षकाला पहिल्यांदा प्रश्न पडतो, की यांतला खरा चोर कोण?

मग चरणदासला मोठी चोरी करण्याची हुक्की येते. तो राजाच्या खजिन्यात शिरतो. मोहरांची रास समोर असते; पण तो उचलतो फक्त पाच मोहरा. आपण येथवर पोहोचू शकतो, एवढेच त्याला दाखवायचे असते. खजिन्याचा मुनीम ही संधी साधतो. तो आणखी पाच मोहरा स्वतः लंपास करतो आणि दहाही मोहरा चोराच्या नावावर टाकतो. चौकशी होते. चरणदास राणीसमोर शांतपणे सांगतो, की चोरी मीच केली, पण मोहरा पाचच घेतल्या. खोटे न बोलणाऱ्या चोरापुढे प्रतिष्ठित मुनिमाचे खोटे उघडे पडते.

राणी प्रसन्न होते. येथून कथा वेगळेच वळण घेते. थट्टेत केलेल्या प्रतिज्ञा एकेक करून सत्य होऊन दारात उभ्या राहतात. चरणदासला आणण्यासाठी हत्ती येतो. तो हत्तीवर बसत नाही. सोन्याच्या ताटात पक्वान्ने येतात. तो जेवत नाही. अखेर राणी स्वतः लग्नाची इच्छा बोलून दाखवते. चरणदास हात जोडून नकार देतो. राणी म्हणते, निदान ही गोष्ट बाहेर कोणाला कळू देऊ नकोस. पण कोणी विचारले तर? चरणदास खोटे बोलू शकत नाही. राणीचा मान आणि चरणदासचा शब्द दोन्ही एकाच वेळी राहू शकत नाहीत. राणी त्याला मृत्युदंड फर्मावते. चरणदास मरतो, लोकांच्या मनात मात्र तो संत होऊन राहतो.

६. पडद्यावरचा चरणदास

याच कथेवर श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये 'चरणदास चोर' हा चित्रपट केला. तो बालचित्रपट संस्थेसाठी केलेला कृष्णधवल चित्रपट आहे. बेनेगल यांचा 'अंकुर' नुकताच, १९७४ मध्ये, गाजला होता. तेलंगणातील खेड्याचे वास्तव त्यांनी त्यात दाखवले होते. 'चरणदास चोर'मध्ये त्यांनी छत्तीसगडचे खेडे निवडले. मात्र चित्रपट मुलांसाठी असल्याने त्याची मांडणी हलकीफुलकी आणि खेळकर ठेवली. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचे होते. चरणदासची भूमिका लालूराम यांनी केली. नया थिएटरच्या मदनलाल, ठाकूरराम, फिदाबाई, मालाबाई आदी कलावंतांनीही यात कामे केली. शहरातील नटांना गावकऱ्यांचे कपडे चढवण्याऐवजी गावातील कलावंतच पडद्यावर आणल्यामुळे त्यांच्या चालण्याबोलण्यात कोठेही बनावटपणा जाणवत नाही.

मराठी प्रेक्षकाला या चित्रपटात आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो. नाटकातील राणीच्या जागी चित्रपटात राजकन्या आहे आणि ही भूमिका स्मिता पाटील यांनी केली आहे. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही तरुणी तेव्हा चित्रपटांत नुकतीच पाऊल टाकत होती. त्याच वर्षी 'सामना' या मराठी चित्रपटात आणि दोनच वर्षांनी 'जैत रे जैत'मध्ये ती दिसली. 'जैत रे जैत' हा गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा, ठाकर आदिवासींचे जीवन दाखवणारा चित्रपट. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे तो घरोघरी पोहोचला. दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्या 'सामना'त साखर कारखान्याच्या परिसरातील एका बलाढ्य पुढाऱ्यासमोर एक साधा मास्तर पुन्हापुन्हा एकच प्रश्न विचारत राहतो आणि खऱ्याचा पाठपुरावा सोडत नाही. 'सामना'तील मास्तर आणि छत्तीसगडचा चरणदास एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण दोघांची जात एकच, खरे धरून ठेवणाऱ्याची.

७. शब्दाची किंमत

चरणदास चोर आहे, म्हणून त्याची चोरी योग्य ठरत नाही. तसे ही कथा सांगतही नाही. ती आपल्यापुढे वेगळा प्रश्न ठेवते. गावात ज्यांना मान आहे, ते मालगुजार, मुनीम आणि राजसत्ता, आपापल्या स्वार्थासाठी सत्य वाकवतात. ज्याला कोणी विचारत नाही, तो चोर मात्र दिलेल्या शब्दाला जागतो. मग मोठा कोण?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. चार प्रतिज्ञा चरणदासने स्वतः केल्या, तेव्हा त्या पाळणे फुकटचे होते. हत्ती, सोन्याचे ताट, राणी आणि राज्य यांपैकी काहीच त्याच्याजवळ येणार नव्हते. जे मिळण्यासारखे नाही, ते सोडणे सोपे असते. ते सारे समोर आले, तेव्हाच प्रतिज्ञेची कसोटी लागली. आपल्याही आयुष्यात असे घडते. हाती सत्ता नसताना लाच न घेण्याच्या गोष्टी सहज बोलता येतात. खुर्चीवर बसल्यावर त्या पाळणारा विरळा.

राणीदेखील मुळात दुष्ट नाही. तिने मुनिमाचे खोटे ओळखले, खऱ्याचा गौरव केला. परंतु खरे जोवर दुसऱ्याविषयी होते, तोवरच तिला ते गोड वाटले. ते तिच्या स्वतःच्या मानापर्यंत आले आणि तिला सोसवेना. म्हणूनच ही कथा हसवता हसवता आपल्याला अंतर्मुख करते.

हबीब तन्वीर यांचे ८ जून २००९ रोजी आणि श्याम बेनेगल यांचे २३ डिसेंबर २०२४ रोजी निधन झाले. स्मिता पाटील तर १९८६ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेल्या. चरणदास मात्र अजूनही सन्मानाच्या हत्तीकडे पाठ करून उभा आहे.

पाठगत प्रश्न – २

१. योग्य पर्याय निवडा.

(अ) चरणदासने खजिन्यातून किती मोहरा घेतल्या?
(क) दहा (ख) पाच (ग) एक (घ) एकही नाही

(आ) 'चरणदास चोर' या चित्रपटात चरणदासची भूमिका कोणी केली?
(क) हबीब तन्वीर (ख) ठाकूरराम (ग) लालूराम (घ) मदनलाल

२. एका वाक्यात उत्तर लिहा.

(अ) गुरूंनी चरणदासकडून कोणती प्रतिज्ञा मागून घेतली?
(आ) चरणदासने मालगुजाराचे धान्य कोणाला वाटले?

शब्दार्थ

खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
मालगुजार – जुन्या काळी सरकारसाठी शेतसारा वसूल करणारा जमीनधारक
मुनीम – हिशेबनीस, कारभारी
संहिता – नाटकाचा लिहिलेला मजकूर
कृष्णधवल – काळ्यापांढऱ्या रंगांतील (चित्रपट, छायाचित्र)
शिदोरी – प्रवासात बरोबर नेलेले अन्न. (येथे) गाठीची पुंजी
अंतर्मुख – स्वतःच्या मनाचा विचार करणारा

भाषाभ्यास

(अ) वाक्प्रचार

शब्दाला जागणे – दिलेले वचन पाळणे
पदर पसरणे – दयेची याचना करणे
तारांबळ उडणे – फार धांदल होणे
खिल्ली उडवणे – टिंगल करणे
उचलून धरणे – जोरदार पाठिंबा देणे

उदाहरण : अडचण आली तरी रामभाऊ शब्दाला जागले आणि ठरल्या दिवशी पैसे घेऊन आले.

उरलेल्या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

(आ) शेजारच्या भाषेची ओळख

पुढील छत्तीसगडी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ मोठ्याने वाचा.

मोर – माझा, माझी, माझे
दाई – आई
ददा – वडील
लइका – मूल, लेकरू
भुंइया – भुई, जमीन
छंइहा – सावली
संगवारी – सोबती, मित्र
गोठ – बोलणे, गोष्ट
बासी – पाण्यात भिजवून ठेवलेला शिळा भात

यांतील कोणते शब्द तुम्हांला मराठी शब्दांच्या जवळचे वाटतात? तुमच्या बोलीत आई, वडील, मूल, मित्र यांना काय म्हणतात? चौकोन आखून तुलना करा.

(इ) मिश्र वाक्य

'तन्वीर यांच्या ध्यानात आले, की चूक नटांची नाही.' या वाक्यात 'तन्वीर यांच्या ध्यानात आले' हे प्रधान वाक्य आहे आणि 'की चूक नटांची नाही' हे त्यावर अवलंबून असलेले गौण वाक्य आहे. एक प्रधान आणि एक किंवा अधिक गौण वाक्ये मिळून जे वाक्य बनते, त्याला मिश्र वाक्य म्हणतात. पाठातून अशी आणखी तीन वाक्ये शोधून लिहा.

तुम्ही काय शिकलात

• छत्तीसगडीतील पहिला चित्रपट 'कहि देबे संदेस' १९६५ मध्ये आला. त्याने जातिभेदाचा प्रश्न मांडला.
• हबीब तन्वीर यांनी नाचा कलावंतांना त्यांच्या बोलीत बोलू दिले, तेव्हा त्यांची कला फुलली.
• 'चरणदास चोर' या नाटकाचे पहिले रूप भिलाईतील मैदानावर सादर झाले. १९७५ मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट केला.
• प्रतिष्ठा आणि प्रामाणिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्दाची कसोटी मोहाच्या क्षणी लागते.

पाठान्त प्रश्न

१. 'चूक नटांची नाही, आपली आहे,' असे हबीब तन्वीर यांना का वाटले? ५० ते ६० शब्दांत लिहा.
२. थट्टेत केलेल्या प्रतिज्ञा चरणदासच्या जिवावर कशा बेतल्या, ते सांगा.
३. मालगुजार, मुनीम आणि चरणदास या तिघांच्या वागण्याची तुलना करा.
४. 'खरे दुसऱ्याविषयी असेपर्यंतच गोड वाटते.' या विधानाविषयी तुमचे मत अनुभवाच्या आधारे लिहा.
५. राणीच्या जागी तुम्ही असता तर कोणता निर्णय घेतला असता? कारणे द्या.

उपक्रम

१. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारा, की गावाकडचा कोणता जुना चित्रपट त्यांच्या मनात घर करून आहे. तो त्यांनी कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला आणि त्यातले काय आठवते, ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्या.
२. तुमच्या भागातील लोकनाट्याचा प्रयोग पाहण्याची संधी मिळाली, तर त्यातील गाणे, विनोद आणि वेशभूषा यांविषयी दहा ओळी लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) नाचा (आ) मनु नायक (इ) १९५९

२. १. (अ) – (ख) पाच. (आ) – (ग) लालूराम
२. (अ) कधीही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा गुरूंनी चरणदासकडून मागून घेतली.
(आ) चरणदासने मालगुजाराचे धान्य दुष्काळात उपाशी असलेल्या गावकऱ्यांना वाटले.